चार बोटांच्या पडद्यावरचा स्वर्ग

फिजीतल्या आमच्या छोट्या बेटावर सेरेमायाच्या झोपडीपुढं त्या दुपारी एवढी गर्दी होती, की देवळातल्या पास्टरला हेवा वाटावा. बायका काखेत चटया मारून आल्या होत्या, बाप्ये यांगोनाच्या, म्हणजे कुटून पाण्यात कालवून प्यायच्या मुळ्यांच्या जुड्या घेऊन. सगळ्यांना एकच बघायचं होतं. माझा दादा इलाइतिया, जो गेल्या वर्षी साखरेच्या आजारानं एक पाय गमावून मेला, तो स्वर्गात दोन्ही पायांवर नाचताना.

आणि तो नाचत होता. हे खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत.

सेरेमाया उंबऱ्यात मांडी घालून बसायचा. डोळे मिटून पुटपुटायचा. मग कापडाची घडीवर घडी उलगडून आतून मोबाइल काढायचा. त्याच्या चार बोटं रुंद पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात झाडाच्या सालीच्या कापडाची पट्टी चिकटवलेली.

"तिथं परमेश्वराचं नाव आहे," तो बजावायचा. "मर्त्य माणसानं वाचलं तर बुबुळं वितळतील!"

"आवाज का येत नाही, सेरेमाया?" एकदा एका म्हातारीनं विचारलं.

"देवदूतांचा सूर तुमच्या कानांना सोसायचा नाही, आजी. तुम्हीच गा."

मग बायका स्तोत्र धरायच्या. पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतली हजारो माणसं तोंडं उघडून गात असायची. त्यांच्यात माझा दादा. पुढचा दात तुटलेला, पण पाय दोन. उड्या मारता मारता तो सरळ आपल्याकडं बघायचा आणि हात हलवायचा. ये, ये, इकडं ये! तेवढ्यात सेरेमायाचा अंगठा पडायचा आणि पडदा काळा.

"दार मिटलं! आजची कृपा संपली!"

कृपा संपायची, चटया मात्र त्याच्या घरात राहायच्या.

मला चटयांचं दुःख नव्हतं. गावाला विणायची हौस आहे, विणा आणि द्या. माझं दुःख वासेमाथावहिनीचं होतं. दादाच्या मागोमाग तिलाही साखर निघाली होती. पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती, ती काळी पडत चालली होती. गावच्या दवाखान्यातली नर्स लोसालिनी रोज येऊन पट्टी बदलायची आणि रोज तेच सांगायची.

"शुक्रवारच्या जहाजानं सुव्याला, राजधानीतल्या मोठ्या इस्पितळात चल. अंगठा काढतील, पाय वाचेल. उशीर केलास तर पाय जाईल. अजून केलास तर तूच जाशील."

"कापायचं कशाला, सिस्टर?" वहिनी शांतपणे म्हणायची. "तिथं सगळं परत मिळतं. डोळ्यांनी पाहिलंय मी. आणि ते बोलावतायत मला."

गोळ्या तिनं कोंबड्यांपुढं टाकल्या होत्या.

मी ओरडलो, "वहिनी, हा सेरेमाया मासे वाटताना शेपट्या आपल्याला देतो अन् मधले तुकडे स्वतः घेतो. हा स्वर्ग सरळ वाटेल होय?"

"भाऊजी, तो तुमचाच भाऊ आहे की नाही? सांगा, नाही म्हणून."

तो दादाच होता.

लोसालिनीनं मात्र तो स्वर्ग एकदा बघितला आणि घरी जाताना मला म्हणाली, "तुझ्या भावाच्या काखा बघितल्यास? सदरा घामानं भिजलाय. स्वर्गात इतका उकाडा असेल तर मग नरकात माणसं काय करतात रे?"

गुरुवारी दुपारी रातूंच्या, म्हणजे आमच्या गावप्रमुखांच्या घरी यांगोनाची बैठक बसली. सेरेमाया आता रातूंच्या उजव्या हाताला बसत असे. स्वर्गाचा माणूस ना! वहिनी उशीवर पाय ठेवून भिंतीला टेकली होती. लोसालिनी आली आणि सेरेमायाच्या समोरच बसली. ती त्याची मामेबहीण. आमच्यात आते-मामे भावंडांना एकमेकांची खुशाल टर उडवता येते, कुणी राग मानत नाही.

"काय हो स्वर्गाचे शिपाई, सुट्टी का आज?"

"अगं सुईवाले, देवाच्या कामाला सुट्टी नसते."

"मग देवाला सांग, पंखा लाव म्हणावं. इलाइतिया घामाघूम झालाय."

दोन-चार जण फिसकन हसले. सेरेमायानं डोळे मिटले. "श्रद्धा आटली की माणसाला घामच दिसतो."

"माझी श्रद्धा राहू दे. केरेकेरे, आतेभाऊ. तुझा मोबाइल दे."

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. नातेवाइकानं 'केरेकेरे' म्हणून मागितलेली वस्तू आमच्यात नाकारता येत नाही. होडी मागा, कोंबडी मागा, अंगातला सदरा मागा, द्यावाच लागतो. नाही म्हणणाऱ्याला गाव नातवंडांपर्यंत कंजूष म्हणून ओळखतं.

सेरेमाया म्हणाला, "तो माझा नाही. देवाचा आहे."

"देवाचा? मग चार्ज करायला माझ्या दवाखान्यातल्या सोलरवर का धाडतोस? देवाच्या घरी सूर्य नाही का?"

आता रातूसुद्धा मिशीत हसले. "मागितलाय तिनं," ते म्हणाले. "दे."

दिला. असा, जणू स्वतःचं काळीज काढून देतोय.

लोसालिनीनं पहिल्यांदा आवाज मोठा केला. देवदूत कसले! एक माणूस घसा फाटेस्तोवर ओरडत होता, आणि जे ओरडत होता ते घरातल्या प्रत्येक बाप्याला तोंडपाठ होतं. तो रग्बीचा सामना होता. मग तिनं नखानं पट्टी उचकटली. कुणाचंही बुबुळ वितळलं नाही. परमेश्वराच्या नावाच्या जागी लिहिलं होतं: फिजी २४, सामोआ १९.

"अरे, हा तर दोन वर्षांपूर्वीचा!" मागून कुणीतरी किंचाळलं. "सुव्यातला!"

"मिटव! दार मिटव!" सेरेमाया झेपावला.

"खाली बस," रातू म्हणाले.

दादानं हात हलवला. ये, ये, इकडं ये! पण या वेळी अंगठा पडला नाही, आणि स्वर्ग पुढं चालू राहिला. डावीकडून गळ्यात पेटी अडकवलेला आइस्क्रीमवाला आला. दादानं त्याच्याकडून दोन कोन घेतले, एक या हातात, एक त्या हातात. मग चित्र मैदानावर गेलं. जिंकलेले आपले गडी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून स्तोत्र गात होते, नेहमी गातात तसं, आणि सगळं मैदान त्यांच्याबरोबर गात होतं.

एवढंच होतं सगळं. आमच्या बेटावर टीव्ही नाही. सुव्यातले नातेवाईक टीव्हीवरचे सामने नखाएवढ्या कार्डावर उतरवतात आणि जहाजानं धाडतात. आम्ही ते मोबाइलात घालून झाडाखाली डोक्याला डोकं लावून बघतो, पुसतो आणि कार्ड परत पाठवतो, पुढच्या सामन्यासाठी. कार्डं थोडी, सामने फार. त्यामुळे जुना सामना इथं कुणाकडंच उरत नाही. एक उरला होता. सेरेमायाला गर्दीत दादाचा चेहरा दिसला, त्यानं कार्ड दडवलं आणि दादा मरेपर्यंत वाट बघितली. पाय कापायच्या आधीचं चित्र, म्हणून पाय दोन. चमत्कार खलास!

"मी फसवलं नाही," सेरेमाया पुटपुटला. "विधवेचं सांत्वन केलं."

लोसालिनीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "सांत्वन करायचं होतं तर सरळ तिच्या हातात द्यायचंस. म्हणायचंस, 'हे घे, तुझा नवरा हसताना सापडला.' ती आनंदानं रडली असती. तू तिला मरायला बोलावलंस, आतेभाऊ. आणि वर चटया घेतल्यास!"

सगळे वहिनीकडं बघायला लागले. मला वाटलं, ही आता कोसळणार. तिनं हात पुढं केला आणि मोबाइल मागितला. एकदा बघितलं. पुन्हा लावायला सांगितलं. डोळ्यांना बाही लावली. तिसऱ्यांदा बघताना बाही खाली आली.

"हा सदरा मी इस्त्री करून दिला होता," ती म्हणाली. "देवळाच्या गायनस्पर्धेला जातो म्हणून सांगून गेला होता मेला!"

मग तिनं पडद्यावरच्या कोनांवर बोट ठेवलं.

"आणि दोन? अंगात साखर, अन् दोन-दोन?" तिनं मोबाइल लोसालिनीच्या मांडीवर टाकला. "भाऊजी, उद्याचं जहाज कधी सुटतं?"

"सकाळी, वहिनी."

"माझी चटई बांधा. त्याला म्हणावं, बस तिकडं आइस्क्रीम खात. मला यायची घाई नाही."

अंगठा गेला, शेजारचं बोट गेलं. पाय राहिला. वहिनी आज त्या पायानं भरतीच्या पाण्यात उभी राहून जाळं ओढते, आणि गोळ्या कोंबड्यांना मिळत नाहीत.

सेरेमाया पलीकडच्या बेटावर गेला. तिथं त्याला आता एका पोरीच्या अंगात मेलेल्या राणीचा आत्मा दिसतो म्हणे. तिथंही लोक चटया नेतात. म्हणून हे लिहितोय. तुमच्यापुढं कुणी असं चित्र धरलं तर तीन गोष्टी विचारा. हे कुणी काढलं? केव्हा काढलं? आणि तू थांबवतोस त्याच्या पुढं काय आहे? विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो मधला दलाल, आणि त्याच्या रागानं आजवर कुणाचा पाय सडलेला नाही. आपण गप्प बसतो, त्यानं सडतो.