कार्ट्रिजमधली बॅटरी

कुणी न सांगितलेलं काम करून द्यायची दुरुस्तीवाल्याला भारी खोड. काकूंनी गेलेल्या लेकीचा व्हिडिओ गेम आणला होता तो फक्त अडकलेलं बटण नीट करून घ्यायला. राक्षस पकडून पाळायचा तो जुना खेळ. त्याचे नवे भाग येतच राहिले, पण लेक पहिल्यालाच चिकटून होती. "एका राक्षसाला तिनं माझं नाव दिलं होतं म्हणे," काकू म्हणाल्या होत्या. "तेवढा एकदा बघायचाय."

यानं बटण बसवलं, आणि वर शहाणपणा करून खेळ ज्यात साठवलेला असतो त्या कार्ट्रिजमधली वीस वर्षांची बॅटरीही बदलली. बॅटरी काढली की साठवलेलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी त्याची प्रत काढून ठेवायची, हे तो जगाला शिकवायचा. या वेळी नेमका स्वतःच विसरला.

काकू चष्मा पुसून समोर बसल्या. त्यानं गेम चालू केला. पडद्यावर एकच प्रश्न आला, खेळ पहिल्यापासून सुरू करणाऱ्यालाच विचारतात तो: तुझं नाव काय?

प्रत काढायची राहिली, हे त्याला आता आठवलं.

"अहो, नुसते बघत काय बसलात?" काकू पुढे वाकल्या. "तिचं नाव टाका ना. लगेच ओळखेल तो तिला."