वरून खाली पळणारं लग्न

चित्र पळतं

लग्न वरून खाली पळत होतं. नवरीचे पाय वर, त्यांच्याखाली एक जाड काळा पट्टा, पट्ट्याखाली नवरीचं डोकं. आणि हे सगळं जिन्यावरून घरंगळल्यासारखं खाली, पुन्हा वरून, पुन्हा खाली. रंगाचा पत्ता नाही. आवाज मात्र ठणठणीत, पण त्याचा काय उपयोग? फिल्म जोडणाऱ्यानं माणसांचं बोलणं पुसून सगळ्यावर एकच वाद्यसंगीत ओतलं होतं. लोक तोंडं हलवत होते आणि तोंडातून व्हायोलिन बाहेर पडत होतं.

"बंद करा हो. डोळे गरगरतात," बायको म्हणाली.

"थांब."

टीव्ही मेकॅनिक स्वतःच्याच टीव्हीमागे उकिडवा बसला होता. मागचं झाकण उतरवलेलं, हातात लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर, आणि समोरच्या खुर्चीवर एक आरसा असा कलता ठेवलेला की मागे बसून पुढचा पडदा दिसावा. तीस वर्षं तो लोकांच्या घरी असाच बसत आला होता. लोक पुढून टीव्ही बघतात, त्यानं जन्मभर आरशातून उलटा बघितला. बातम्या देणारी बाई डाव्या हातानं लिहिते अशी त्याची बरेच दिवस समजूत होती, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. ते हसायचे, तोवर टीव्ही सुरू झालेला असायचा.

रोग त्यानं पहिल्या मिनिटातच ओळखला होता. पोरगी ज्या देशात गेली तिथं पडद्यावर सेकंदाला साठदा चित्र ओढतात, इथं पन्नासदा. शिवाय रंगाची खूण वेगळी. तिकडची डिस्क इकडच्या टीव्हीला कळत नाही, म्हणून तो ती अशी भिरकावत सुटतो.

"मग राहू दे की. आपण काय बघितल्याशिवाय मरतोय?"

"तीस वर्षांत मी कुणाला नाही म्हटलेलं नाही. आता घरातच म्हणू?"

हे खरं होतं, पण पुरतं नव्हतं. पुरतं खरं असं, की पोरगी गेली त्याला चार वर्षं झाली होती आणि चार वर्षांत तो तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता. दहाव्या वर्षी ती सोल्डरिंगच्या झारणीनं तारांना असा टाका द्यायची की बघत राहावं. दुकानाच्या पाटीवर तिचंही नाव घालायचं असं त्यानं मनात ठरवून ठेवलं होतं. तिनं गुपचूप नोकरी धरली, गुपचूप तिकीट काढलं आणि बॅग भरल्यावर सांगितलं. दर रविवारी फोन यायचा, तेव्हा तो उठून गॅलरीत जायचा. पोरीनं आधी चुकले म्हणावं, मग बघू. तीही त्याचीच पोर. तिनं म्हटलं नाही.

मग लग्न झालं. लग्नाच्या डिस्कचं पाकीट आईच्या नावानं आलं.

त्याला पोरगी बघायची होती. रंगीत. आणि फोन न उचलता. दुरुस्तीत मानापमान नसतो, हे त्याला सोयीचं पडलं.

चित्र थांबतं

दुसऱ्या दिवशी त्यानं आतला एक खिळ्याएवढा स्क्रू केसभर फिरवला. पळणारं लग्न अडखळलं, थरथरलं, आणि उभं राहिलं. पण वरचा भाग कापला गेला होता. सगळी वऱ्हाडी मंडळी गळ्यापासून खाली. डोकं नाही, चेहरा नाही, नुसते कोट आणि हातातले पेले.

"यातली आपली कोणती?" त्यानं विचारलं.

"ती काय, डावीकडची," बायको स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली. बसायला आली नाही.

जिन्यात त्याला खालच्या मजल्यावरची नर्स भेटली. डिस्क चालवायचा तो प्लेअर तिनंच दिला होता. तिनं नवा घेतला, जुना काकूंना. ती म्हणाली, काका, त्यात एवढं काय, त्या प्लेअरच्या रिमोटवर एक बटण आहे, ते दाबलं की कुठलीही डिस्क आपल्या टीव्हीसारखी होते. मेकॅनिकनं तिच्याकडे असं बघितलं, जसं तिनं एखाद्या डॉक्टरला काढ्याची कृती सांगावी. पुढं त्यानं सांगितलं की रिमोट दोन दिवसांपासून सापडत नाही.

"सापडत नाही? पण काकूंनी तर परवा आमच्याकडे..." नर्स म्हणाली आणि थांबली. मग तिला एकदम ड्यूटीची वेळ आठवली.

काळं-पांढरं

मग त्यानं खालून चित्र दाबून बसवलं आणि डोकी परत आली. काळी-पांढरी, जुन्या कागदपत्रांवरच्या फोटोसारखी. पोरगी दिसली. जाड झाली होती की फिल्मनं केली होती, कळेना. एक हॉल, लांब टेबल, ओळीनं माणसं. कोपऱ्यात एक खुर्ची, तिच्यावर काहीतरी चकाकत होतं. काच असावी. उजेड तिच्यावर पडून सगळं पांढरंफटक होत होतं.

"झालं ना? दिसली ना? आता झाकण लावा," बायको म्हणाली.

"रंग आल्याशिवाय कसलं दिसणं?"

"सुखात आहे पोरगी. एवढं दिसलं, पुरे आहे."

"तुला पुरे असेल."

हे बोलताना तो हसला. बायको हसली नाही. त्याला वाटलं, हिला माझी हौस खुपतेय. चार वर्षं फोनवर हीच एकटी मालकीण होती ना.

रंगासाठी एक क्रिस्टल लागतो, करंगळीच्या नखाएवढी पत्र्याची डबी. टीव्ही बनवणाऱ्या कंपनीनं बोर्डावर त्याची जागा ठेवली होती, माल मात्र घातला नव्हता. दोन भोकं, वर्षानुवर्षं रिकामी. बाजारात विचारलं तर नवी दुकानवाली पोरं म्हणाली, काका, नवा टीव्ही घ्या, आता हे कोण उघडतं? भंगाराच्या बाजारात चार दिवस फिरून त्याला परदेशातून आलेला एक मेलेला व्हिडिओ रेकॉर्डर सापडला. त्याच्या पोटातून त्यानं तो क्रिस्टल असा अलगद उपसला, की भंगारवाल्यानंही हातातलं काम थांबवलं.

घरी येताना तो शीळ घालत होता. बायकोनं गॅलरीतून ऐकली. आत जाऊन ती शिवणाच्या पेटीपाशी उभी राहिली, आणि पेटी न उघडताच परत आली.

रंग

रविवारी सकाळी त्यानं टाके दिले. धूर नाकात गेला, खोकला आला. खोकतच त्यानं आरसा नीट लावला आणि म्हणाला, "लाव."

बायको जागची हलली नाही. त्यानंच मागून हात घालून प्लेअर सुरू केला.

आधी हिरवा आला. मग पडद्याच्या एका कडेनं लाल शिरला, आणि कुणी पाण्यात रंग सोडावा तसा सगळीकडे गेला. कोट निळे होते. टेबलावरची फुलं पिवळी. पोरीच्या अंगावर गडद जांभळं रेशीम होतं. तिला लहानपणापासून तोच रंग लागायचा, आणि काळ्या-पांढऱ्यात ते नुसतं मळकट दिसलं होतं.  मेकॅनिकनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

पोरगी चालत कोपऱ्यात गेली, त्या खुर्चीपाशी. कॅमेरा तिच्यामागून गेला.

आरशात मेकॅनिकला स्वतःचा चेहरा दिसला.

आरसा घसरला, असं वाटून त्यानं तो सरळ करायला हात पुढे केला. चेहरा हलला नाही. त्या चेहऱ्याचे केस काळे होते. खिशाला टेस्टर लावलेला. दुकानाच्या दारात काढलेला फोटो, बाजूची माणसं कापून मोठा केलेला, काचेच्या चौकटीत. खुर्चीवर चौकट, चौकटीपुढे पेटवलेली मेणबत्ती. शेजारच्या खुर्चीवर एका म्हाताऱ्या बाईचा फोटो आणि तिच्यापुढे तशीच मेणबत्ती. पोरगी वाकली, चौकटीची काच तिनं अंगठ्यानं पुसली आणि दोन्ही फोटोंपुढे मान लववली. तिच्यामागून नवऱ्यानं, मग त्याच्या आईनं.

व्हायोलिन चालू होतं.

तो म्हणाला, "ती म्हातारी कोण?"

"जावयाची आजी. गेली दोन वर्षांपूर्वी."

"आणि मी?"

बायको खाली बसली. तिनं फार घोळ घातला नाही. तिनं सांगितलं, की पोरीनं तिकडे पहिल्यांदाच सांगून टाकलं होतं, वडील वारले. बाप जिवंत आहे पण बोलत नाही, असं दर माणसाला कुठवर समजावणार? लोक विचारतात, काय केलंस तू असं? गेले म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. बायकोला हे दोन वर्षं माहीत होतं. खुर्चीचं मात्र तिला डिस्क बघितल्यावर कळलं, नर्सच्या घरी, नर्सच्या नव्या टीव्हीवर. त्याच दिवशी रिमोट शिवणाच्या पेटीत गेला.

"म्हणजे एका बटणाचं काम होतं," मेकॅनिक म्हणाला.

"हो."

"नऊ दिवस मी..."

"हो. मला वाटलं, तुम्हाला जमणार नाही."

या वाक्यानं त्याला खुर्चीपेक्षा जास्त लागलं असावं. 

"तिच्या सासूनं मला पत्र लिहिलं होतं. धीर धरा, एकटं वाटून घेऊ नका, म्हणून. तिकडे मी विधवा आहे," बायको म्हणाली. "तुम्हाला वाटतं मी लग्नाला तुमच्यासाठी गेले नाही. गेले असते तर त्या खुर्चीशेजारी बसवलं असतं मला. तुम्ही इथं जेवून झोपला असता आणि मी तिथं डोळे पुसले असते."

पडद्यावर माणसं जेवायला बसली होती. रंग उत्तम आला होता. लाल किंचित जास्त होता, पण मेकॅनिकनं तो कमी केला नाही.

आवाज

फोन नेहमीच्या वेळेला वाजला. बायकोला कमी ऐकू येतं, म्हणून ती स्पीकर लावते. चार वर्षांत पहिल्यांदा मेकॅनिक गॅलरीत गेला नाही. तो टीव्हीमागे झाकण बसवत होता. बायकोनं फोनकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या: बोलता? त्यानं मानेनं हो म्हटलं. मग गुडघ्यावर हात टेकून तो उठू लागला.

"आई, सासूबाई पण आहेत इथंच, नमस्कार म्हणतायत," पलीकडून पोरगी म्हणाली.

तो अर्ध्यात थांबला. सासूबाई प्रेमळपणे चौकशी करू लागल्या. जेवणखाण वेळेवर करता ना, एकट्या माणसाला कंटाळा येतो, मी समजू शकते. तेवढ्यात मेकॅनिकला सकाळचा तो धुराचा खोकला आला. त्यानं तोंडावर हात दाबला, तरी आला. चांगला मोठा, पुरुषी.

"कोणी आलंय वाटतं?" सासूबाईंनी विचारलं.

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. तो बोलला असता तर बोलता आलं असतं. तिकडे पोरगी, जावई, सासू, सगळे एका खोलीत होते. पोरीचा श्वास इथं ऐकू येत होता. मेकॅनिक हळूच परत खाली बसला आणि त्यानं बायकोला मान हलवून नाही म्हटलं.

"टीव्हीवाला आलाय," बायको म्हणाली. "दुरुस्तीला."

 मग पोरगी म्हणाली, आवाज सपाट ठेवून, "आई, त्यांना विचार ना. चित्र नीट आलं का?"

 मेकॅनिकनंच उत्तर दिलं, लोकांच्या घरी द्यायचा त्या आवाजात, जरा मोठ्यानं.

"आलं म्हणावं ताईंना. रंगही आलेत सगळे. नवरी मुलगी छान दिसते."

"बघा, किती भला माणूस," सासूबाई म्हणाल्या. "हल्ली असे मिळत नाहीत."

 मेकॅनिकनं झाकणाचा शेवटचा स्क्रू बसवला. तो पूर्ण आवळला गेला होता, तरी तो स्क्रूड्रायव्हर फिरवत राहिला, फिरवत राहिला, स्क्रूच्या डोक्याची खाच झिजून स्क्रूड्रायव्हर नुसता गरगर फिरू लागला तोवर.