दीड झाकण लाल

लेकीने शेडकार्ड टेबलावर टाकलं आणि एका चौकोनावर बोट टेकवलं. "हा बघा. या वर्षीचा रंग."

"वर्षाचा रंग? म्हणजे पुढच्या वर्षी नासतो की काय, दुधासारखा?"

"बाबा, चेष्टा नको. सगळीकडे हाच चाललाय. ऑफिसं, दुकानं, दवाखाने. कंपनीने हाच ठरवलाय."

रंग होता शेवाळी करडा. चाळीस वर्षं भिंती रंगवलेल्या बापाने कार्ड खिडकीशी नेलं, मग दिव्याखाली धरलं. केस कापायच्या दुकानांची कंपनी होती. तिची आणखी बारा दुकानं निघायची होती. पहिलं पसंत पडलं तर उरलेल्या अकरांच्या सजावटीचं कामही लेकीला मिळणार होतं. तीन वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली नमुन्यांच्या पेट्या वाहून झाल्यावर तिच्या स्वतःच्या नावावर आलेलं हे पहिलं काम.

"आणि तिथे मला मॅडम म्हणा," ती खाली बघत म्हणाली. "घरचीच माणसं लावली असं व्हायला नको."

"म्हणेन की. मॅडमना कुठे वाईट वाटायला नको."

काम सुरू झालं. लंबू त्याचा जुना जोडीदार, शिडीवाचून छताला हात लावणारा. भिंती घासून झाल्या, पुट्टी झाली, रंगाचा पहिला हात मारून झाला. मग आरसे बसवणारे आले, दिवे लावणारे आले. दिवे पेटले तसा म्हातारा रंगारी आरशासमोर उभा राहिला आणि दचकला. महिनाभर तापाने अंथरुणाला खिळलेला कुणी समोरून बघत होता.

"लंबू, जरा इकडे ये. तोंड बघ."

लंबूने बघितलं. "आयला! मी कधी गेलो? मला कुणी कळवलंही नाही."

भिंतीतला हिरवा त्या पांढऱ्या दिव्यांत सुटून थेट चेहऱ्यावर येत होता. त्याने लेकीला फोन लावला. "पोरी, एकदा येऊन आरशात बघ. इथे लोक स्वतःचं तोंड बघायला येणार आहेत."

"बाबा, शेड कंपनीची आहे. तुम्ही फक्त लावा. माझ्या पोटावर पाय देऊ नका."

त्याने फोन ठेवला. मग पिशवीतून रंगात मिसळायच्या स्टेनरची बाटली काढली. डब्याला दीड झाकण लाल. दोन झाली असती तर भिंत गुलाबी पडली असती, एकाने फरक कळला नसता. यात लबाडी आहे असं त्याच्या मनातही आलं नाही. भाजी अळणी लागली तर वाढणारी बाई चिमूटभर मीठ टाकते, पंगतीला विचारत बसत नाही. दुसरा हात त्याच रंगाचा मारला. आता आरशातला चेहरा माणसाचा दिसू लागला.

दुसऱ्या दिवशी लेक आली. मध्यभागी उभी राहिली, आरशात बघितलं, भिंतीवर तळवा ठेवला आणि काही न बोलता निघून गेली. म्हाताऱ्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पोरीला नजर आहे, तो लंबूला म्हणाला. माझीच आहे शेवटी.

तपासणीला कंपनीचे साहेब आले. त्यांच्या हातात साबणाच्या वडीएवढं, रंग मोजायचं एक यंत्र होतं. त्यांनी ते भिंतीला टेकवलं, टिक वाजलं, आकडे आले. दुसऱ्या भिंतीला टेकवलं. तेच आकडे.

"मॅडम, हा आमचा रंग नाही."

"नाही?"

"दिसतो छान. पण आमचा नाही. बाराही दुकानांत रंग एकच पाहिजे. नंबर जुळला पाहिजे."

लेक वळली. "पेंटर, काय मिसळलंत यात? कुणाला विचारून?"

लंबू खाली बघून ब्रश पुसू लागला. म्हाताऱ्याच्या जिभेवर उत्तर होतं. दिवे, आरसा, चेहरे, सगळं दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण त्याने तिच्या हातातली, तिचं नाव छापलेली फाईल बघितली.

"चूक झाली, मॅडम."

रंगाच्या बाबतीत हे वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला.

तीन दिवसांत भिंती पुन्हा रंगवल्या, कोडप्रमाणे. यंत्र टिक करून वाजलं, साहेब हसले, दुकान उघडलं. पहिल्याच बाईने आरशात बघून विचारलं, "मी आजारी दिसते का हो?" केस कापणारी म्हणाली, "छे, जरा थकल्यासारख्या वाटताय. फेशियल करून घेता का?" संध्याकाळपर्यंत खुर्च्या रिकाम्या झाल्या नाहीत.

लेक घरी आली ती पेढा मिळाल्यासारखी. "अकराही मिळाली, बाबा! साहेब म्हणाले, इतकी फेशियल कुठल्याच दुकानात पहिल्या दिवशी झाली नव्हती."

तो नखांत अडकलेला रंग काडीने काढत होता. "तुला दिसलं होतं? त्या दिवशी, आरशात?"

तिने पाण्याचा पेला भरून घेतला. मग म्हणाली, "दिसलं होतं. तुमचा रंग बरोबर होता."

"मग साहेबासमोर?"

"कुणालातरी चूक ठरवायला लागणारच होतं. माझं पहिलं काम होतं, बाबा."

"आणि माझं?"

"तुमचं काय, आता होतच आलंय ना."

ती रागाने बोलली असती तर त्याला सोसलं असतं. ती साधेपणाने, पाणी पिता पिता बोलली.

दुसऱ्या दुकानाला तो गेला नाही. लेकीने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा लंबूला विचारलं. लंबूने सगळी अकरा केली. मधे एकदा तो येऊन बसला तेव्हा म्हाताऱ्याने राहवेना म्हणून विचारलंच, "दिवे लागल्यावर कसं दिसतं रे तिथे?"

"कुणाला ठाऊक," लंबू म्हणाला. "डब्यावरचा नंबर बघतो, लावतो आणि निघतो. आरशात बघायचं नाही, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलंय."