किंकाळी शेवटी

दोमितिल्लाचा निवेसवर काडीचा विश्वास नव्हता. रोममधल्या तुस्कोलानो भागातल्या त्या इमारतीची देखरेख करणारी दोमितिल्ला दिवसभर आतल्या चौकात खुर्ची टाकून बसायची, भाजी निवडायची आणि कोण कुणाकडे जातंय यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायची. निवेस तार्क्विनी तिसऱ्या मजल्यावर राहायला आली ती ऐन पन्नाशीत. मी सिनेमात होते, असं ती पहिल्या दिवसापासून सांगत आली होती, आणि दोमितिल्ला पहिल्या दिवसापासून विचारत आली होती की मग दिसतेस कुठे?

"दिसत नाही गं, ऐकू येते," निवेस म्हणायची.

"ऐकू तर मीही येते. चार मजल्यांना ऐकू येते. मला नाही कुणी सिनेमात घेतलं!"

निवेस जिना चढू लागायची. पण खरं ते खरं होतं. निवेस तरुण असताना रोममध्ये भुताखेतांचे सिनेमे भट्टीतून पाव निघावेत तसे निघत होते. किल्ला तोच, जिना तोच, थडगंही तेच. हिरवा दिवा मारला की चेटकीण यायची, लाल मारला की खुनी यायचा. खुन्याच्या हातात काळे हातमोजे असायचेच, आणि त्या हातमोज्यांत बहुतेक वेळा खुद्द दिग्दर्शकाचे हात असायचे, कारण त्या हातांना वेगळी मजुरी द्यावी लागत नसे. सिनेमाच्या पाट्यांवर नावं मात्र झाडून सगळी इंग्रजी. आपल्यातलाच कुणी आपल्याला घाबरवतोय म्हटलं की प्रेक्षक हसायचे, म्हणून विटेर्बोचा न्हाव्याचा पोरगा सिनेमात जॉर्ज व्हायचा आणि पेरुजाचा शिंपी विल्यम.

आवाज तर चित्रीकरणाच्या वेळी घेतच नसत. इकडे नायिका प्राण सोडते आहे आणि तिकडे सुतार पुढच्या सेटला खिळे ठोकतो आहे, असा सगळा कारभार. आवाज मागाहून भरायचा, अंधाऱ्या खोलीत. सिनेमाचा लहानसा तुकडा दोन्ही टोकं जोडून पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरायचा, आणि समोर छोट्या दिव्याखाली निवेस उभी राहून दुसरीच्या ओठांवर आपले शब्द बसवायची. त्या खोलीची एक रीत होती. आधी सगळे संवाद, मग रडणं, हसणं, धापा टाकणं, आणि किंकाळी शेवटी. मनापासून किंचाळलं की त्या दिवशी गळ्यात दुसरं काही उरत नाही. निवेस त्याआधी एक खारवलेला बारीक मासा चघळायची, डोळे मिटायची आणि सोडायची अशी किंकाळी की काचेपलीकडचा तंत्रज्ञ कानावरचे हेडफोन काढून ठेवायचा.

ज्या चेहऱ्यासाठी ती सगळ्यात जास्त किंचाळली तो चेहरा मॉइरा क्रेनचा. खरं नाव एर्सिलिया झोर्झुत, मुक्काम फ्रिउलीतलं एक खेडं. डोळे असे की कॅमेऱ्यानं दुसरीकडे बघूच नये, आणि बोलणं असं गावंढळ की निर्मात्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, हिला बोलू देऊ नका. विहिरीतून वर आलेली नवरी दोन्ही हात गळ्याशी नेते आणि किंचाळते, ते दृश्य तर जगभर गाजलं. पुढे एकदा केस कापायला गेलेली असताना निवेसनं एका मासिकात मॉइराची मुलाखत वाचली. 'त्या किंकाळीनं माझा घसा आठवडाभर सोलवटला होता,' असं बाई सांगत होत्या. निवेसच्या अंगाचा तिळपापड झाला. ती ओल्या केसांनी दुकानाबाहेर पडली आणि त्या दुकानात पुन्हा कधी गेली नाही.

मग घरोघर टीव्ही आले, त्यांवर ढीगभर वाहिन्या आल्या आणि थडगी, किल्ले, हातमोजे सगळं भंगारात गेलं. निवेस साबणाच्या जाहिराती बोलली, कार्टूनमधलं बदक बोलली आणि एक दिवस तिला बोलावणंच बंद झालं.

या गोष्टीला कितीतरी वर्षं उलटून गेल्यावर प्रोफेसर लापो ग्विदारेल्ली तिच्या दारात उभा राहिला. चाळिशीचा, मानेभोवती रेशमी रुमाल, बोलताना हात हवेत. जे सिनेमे बघताना याच्या बापानं कॉलर वर करून तोंड लपवलं असतं, त्यांच्यावर हा जाडजूड पुस्तकं लिहीत होता.

"सिन्योरा निवेस, मी तुम्हाला किती शोधलं म्हणून सांगू!"

"मी कुठे लपले होते? फोनच्या यादीत नाव आहे माझं."

तो हसला आणि मुद्द्यावर आला. रविवारी दुपारी मॉइरा क्रेनचा मोठा सत्कार होता. परदेशातून माणसं येणार होती. त्यांना एकच गोष्ट हवी होती: विहिरीतल्या नवरीची ती किंकाळी, मंचावर, डोळ्यांदेखत. पण मॉइराच्या गळ्याचं ऑपरेशन झालेलं. आता नुसती कुजबुज निघत होती.

"मग सिनेमातलीच लावा की," निवेस म्हणाली.

"ती तर सगळ्यांना पाठ आहे! समोर घडायला हवी. त्या हात गळ्याशी नेतील, तोंड उघडतील, आणि पडद्यामागून तुम्ही..."

म्हणजे पुन्हा तेच. पुन्हा अंधारात, पुन्हा तिच्याच तोंडून. निवेसनं कॉफीचा कप खाली ठेवला.

"येते. पण माझं नाव घ्यायचं. माइकवर, सगळ्यांसमोर, किंकाळीच्या आधी. हा आवाज निवेस तार्क्विनीचा, एवढंच. पैसे नकोत मला."

"अर्थातच! हे काय सांगायला हवं?"

"सांगायलाच हवं, प्रोफेसर. आजवर कुणाला आपणहून सुचलेलं नाही."

त्यानं छातीवर हात ठेवून शब्द दिला. निवेसला त्या रात्री झोप लागली नाही. हसू येईल, पण सत्तरी उलटलेली ती बाई अंथरुणात पडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत होती, त्या वाक्यात तिचं नाव होतं.

दोमितिल्लाला कळायला वेळ लागला नाही.

"या वयात किंचाळणार? अगं, कोंबडीची मान मुरगाळताना निघतो तसा आवाज निघेल!"

"बघशील."

"बरं, मग एकदा ओरड बघू. आत्ता. चौकात कुणी नाही."

"किंकाळी शेवटी असते. आधी वाया घालवायची नसते," निवेस म्हणाली. खरं तर तिलाच भीती वाटत होती. शेवटचं किंचाळून किती काळ लोटला होता! आत काही शिल्लक आहे की नाही, कुणास ठाऊक. रविवारी सकाळच्या तालमीतही तिनं माइकसमोर नुसतं एक, दोन, तीन म्हणून दाखवलं.

दुपारी तिला मंचामागच्या खोलीत बसवलं. तिथे आरशासमोर मॉइरा क्रेन बसली होती. चेहरा अजून तसाच हुकमी, गळ्याला काळा स्कार्फ. इतकी वर्षं एकमेकींच्या तोंडात राहिलेल्या या दोन बायका पहिल्यांदाच एका खोलीत बसत होत्या.

"तू ती," मॉइरा कुजबुजली. नुसती हवा, शब्द त्या हवेतून चाळून घ्यावे लागत होते.

"मीच ती. तुमचा घसा आठवडाभर सोलवटला होता ना, तो माझा घसा."

मॉइरा हसली नाही, ओशाळलीही नाही. "ते मला निर्मात्यानं बोलायला लावलं. तुला वाटतं, तुझंच काहीतरी चोरलं त्यांनी." ती दम घ्यायला थांबली. "माझी आई गावात सिनेमा बघायला गेली होती. घरी येऊन मला विचारते, एर्सिलिया, तुझ्या आत बोलते ती बाई कोण गं?"

निवेसला दया नको होती, ना घ्यायची ना द्यायची. आज तिला फक्त आपलं नाव हवं होतं. तिनं पिशवीतून डबी काढली आणि खारवलेला मासा जिभेवर ठेवला.

पडद्यामागे एक स्टूल, एक माइक आणि पडद्यात एक भोक होतं, त्यातून मंच दिसत होता. लापो बोलायला उभा राहिला तो थांबेचना. लाल रंगावर बोलला, सावल्यांवर बोलला, कॅमेरा डोळ्यावर कसा झेप घेतो त्यावर बोलला. मग त्यानं नावं घ्यायला सुरुवात केली. कॅमेरामनचं घेतलं, ऑर्गन वाजवणाऱ्याचं घेतलं. कोरडा बर्फ पाण्यात टाकून धुकं करणाऱ्याचं घेतलं. विहीर पुठ्ठ्याची होती, तर ती रंगवणाऱ्याचंसुद्धा घेतलं. घुबड ज्याचं होतं त्या माणसाचंही घेतलं! निवेस ताठ बसली. आता आपलं येणार, म्हणून तिनं केस सारखे केले, जसं काही तिला कुणी बघणारच होतं.

"आणि आता," लापोनं आवाज खाली आणला, "जी किंकाळी ऐकून आपण सगळे लहानाचे मोठे झालो, ती जिची आहे तिच्याच तोंडून. मॉइरा क्रेन!"

बस. दिवे गेले. एक हिरवा दिवा लागला.

मॉइरानं दोन्ही हात सावकाश गळ्याशी नेले. पडद्यामागे कुणीतरी निवेसला बोटानं खूण केली. माइकवरचा लाल ठिपका लागला. आणि निवेसला आतून जाणवलं की आहे, अजून आहे, बेंबीपासून वर चढते आहे, पूर्वीसारखीच. तिनं ओठ घट्ट मिटले. राहा म्हणावं तशीच उभी. बघू दे सगळ्यांना, या तोंडात काय आहे ते!

मॉइराचं तोंड उघडलं. आवाज नाही. ती वाट बघत राहिली, डोळे पडद्याकडे वळले आणि तिला कळलं. तिच्या डोळ्यांत जी भीती उतरली ती कुठल्याही सिनेमात नव्हती. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या आणि उघड्या तोंडातून जराशी हवा बाहेर पडली. निवेस लोकांच्या हसण्याची वाट बघत होती, शिट्ट्यांची वाट बघत होती.

टाळ्या पडल्या. आधी एक, मग चार, मग सगळं सभागृह उभं राहिलं. माणसं रडत होती. "आवाजाशिवाय किंकाळी!" लापो माइकवर ओरडत होता. "काय ही हिंमत! काय ही कला!" टाळ्या थांबता थांबेनात, आणि निवेस स्टुलावर बसून त्या सगळ्या ऐकत होती.

मॉइरा फुलांचा गुच्छ घेऊन आत आली ती सरळ निवेसकडे. जवळ वाकली.

"तू मुद्दाम गप्प बसलीस. माझी फजिती करायला. मला माहितेय." तिनं दम घेतला. "तरी तुझे उपकार झाले. आज पहिल्यांदा ती किंकाळी माझी होती." आणि गुच्छातली दोन फुलं निवेसच्या मांडीवर ठेवून ती माणसांत निघून गेली.

लापो आला तो घामानं निथळत. "सिन्योरा, वाईट वाटून घेऊ नका बरं. वय झालं की गळा दगा देतोच. उलट काय सुंदर झालं बघा!"

"माझ्या गळ्यानं दगा दिला नाही. मी मुद्दाम गप्प बसले. तुम्ही नाव घेतलं नाहीत."

"हो, हो, अर्थात," म्हणत त्यानं तिचा हात थोपटला, हट्टी म्हाताऱ्यांचा थोपटतात तसा. "नाव घेतलं असतं तर जादूच मोडली असती. माझ्या पुढच्या पुस्तकात तळटीप टाकतो, नक्की. पुढच्या महिन्यात तोरिनोला हेच पुन्हा करतोय. पण आता तुम्हाला एवढा प्रवासाचा त्रास नको."

निवेस ट्राममधून घरी आली. फुलं तिनं सीटवरच टाकली. चौकात संध्याकाळचं ऊन होतं आणि दोमितिल्ला मांडीवर परात घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

"काय गं, घेतलं का नाव?"

"नाही."

"मग किंचाळलीस?"

"नाही."

दोमितिल्लानं तिच्याकडे पाहिलं आणि आवाज एकदम मऊ केला. तो मऊपणा निवेसला टोमण्यापेक्षा जास्त झोंबला. "जाऊ दे बाई. आवाज फुटलाच नाही ना? मी म्हटलं नव्हतं? बस इथे, शेंगा सोल."

निवेसनं पिशवी खाली ठेवली. हात गळ्याशी नेले नाहीत, डोळे मिटले नाहीत. ती चौकाच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं ती किंकाळी सोडली. कबुतरं भर्रकन उडाली. दोमितिल्लाच्या मांडीवरची परात पालथी झाली आणि ती छातीवर क्रूसाची खूण करत भिंतीला टेकली. किंकाळी चारी भिंतींवर चढत गेली, एकदाही न फाटता, आणि जिथे थांबायला हवी तिथेच थांबली. आपली आहे, पुरी आहे, हे निवेसला तेव्हा कळलं.

चौथ्या मजल्यावरची एक खिडकी उघडली.

"अहो, काय चाललंय? टीव्ही बारीक करा!"

निवेसनं वर पाहिलं.

"करते," ती म्हणाली. पण गळ्यात आता काही उरलं नव्हतं, नुसती हवा बाहेर आली, आणि खिडकी लागली.