फिरत्या खुर्चीवरून अंतराळात

मित्रांनो, मला पाच पाय आहेत आणि पाचही पायांना चाकं आहेत, पण मी स्वतःहून कधी कुठे गेले नाही. लोकांनी ढकललं तिथे गेले आणि फिरवलं तेवढी फिरले. मी एक जुनी फिरती खुर्ची. अंगावर हिरवं रेक्झिन, डाव्या हाताचा फोम उंदराने खाल्लेला, आणि दर फेरीला मी एकदा किर्र करते. या किर्रला हसू नका. पुढे तिचं काम पडणार आहे.

ठाण्याच्या एका शेडमध्ये मला जोडलं आणि तिथून थेट न्हावा शेव्याला धाडलं. तिथे नंदकुमारसाहेबांचं ऑफिस होतं. बंदरात आलेल्या कंटेनरचे कागद कस्टममधून सोडवणं हा त्यांचा धंदा. काय माझा थाट होता तेव्हा! साहेब एका फोनवरून दुसऱ्या फोनकडे वळायचे ते माझ्याच जिवावर. पण दिवसभर खांद्यात फोन दाबून त्यांची मान आखडली. कुणीतरी सांगितलं म्हणून ते जुईनगरला रशिदाबाईंकडे सुया टोचून घ्यायला गेले. दहा-बारा वेळा गेल्यावर मान वळू लागली. मग साहेबांनी उंच पाठीची नवी खुर्ची घेतली आणि मला रशिदाबाईंकडे पाठवून दिलं. साहेबांच्या मते ती भेट होती. मला विचाराल तर त्यांनी अडगळ काढली, पण जाऊ द्या.

रशिदाबाईंचा दवाखाना म्हणजे सोसायटीच्या तळमजल्यावरची एक खोली. भिंतीवर माणसाच्या अंगाचा मोठा तक्ता, त्यावर शेकडो ठिपके. कुठल्या ठिपक्यात सुई टोचायची आणि कुठे नुसतं बोटाने दाबायचं, हे सगळं बाईंना तोंडपाठ. आल्याचा रस, श्वासाचे प्रकार, तळव्यांना तेल, हेही त्या सांगायच्या. मी मात्र कोपऱ्यात पडून होते. माझ्यावर टॉवेल वाळत घालायचे. चार वर्षं न्हावा शेव्याचा कारभार फिरवला आणि नशिबी आले टॉवेल!

माझे दिवस पालटले ते कैनातमुळे. ही रशिदाबाईंच्या बहिणीची मुलगी, सातवीतली, काडीसारखी बारीक. आईबाप उरणला, पण ती शाळेसाठी खालाकडे, म्हणजे या मावशीकडे राहायची. त्याचं कारण तिला कुणी विचारलेलं आवडत नसे. यष्टीत बसलं की तिच्या पोटात ढवळायचं. शनिवारी घरी जायची तेव्हा मांडीवर दप्तर नसायचं, प्लास्टिकची पिशवी असायची. पुढेपुढे ती घरी जायलाच टाळाटाळ करू लागली. अम्मीची आठवण यायची, पण यष्टीची भीती त्याहून मोठी होती. आणि याच मुलीला अंतराळात जायचं होतं.

"उरणपर्यंत पिशवी लागते हिला," बाईंचा मुलगा अरसलान म्हणायचा. "रॉकेटमध्ये पोतं घेऊन बसणार काय?"

पण एकदा कैनातने लायब्ररीच्या पुस्तकात वाचलं, की अंतराळात गेल्यावर पहिले दोन-तीन दिवस भल्याभल्यांना मळमळतं. तिथे वर-खाली काही उरत नाही आणि कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा गोंधळते. ते वाचून तिचा चेहरा असा उजळला, की मलाही बरं वाटलं.

"खाला, त्यांना पण होतं. मग ते काय करतात?"

"गोळ्या घेत असतील," बाई म्हणाल्या. मग त्यांनी तिचा हात उलटा धरला. "आमच्याकडे मळमळीवर एक बिंदू आहे. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मध्ये. दाबून बघ. अंतराळात चालेल का, ते मला माहीत नाही. विचारलंयच कुणी?"

झालं! शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला पंधरा दिवस होते. कैनातने विषय लिहून दिला: अंतराळवीरांची मळमळ आणि मनगटावरचा बिंदू. जुन्या इलॅस्टिकला शर्टाची बटणं शिवून तिने पट्टे केले. मनगटावर बांधलं की बटण बिंदूवर दाबून बसायचं. आता अंतराळ कुठून आणायचं? तिची नजर टॉवेलांवर गेली. टॉवेल उचलले गेले आणि खाली मी!

सोसायटीतली नऊ मुलं जमली. एकेकाने डोळे मिटून माझ्यावर बसायचं, अरसलानने फिरवायचं, त्याच्या पाळीला कैनातने, आणि मळमळलं की हात वर. मोजायला माझी किर्र होतीच. रशिदाबाई तेलाची कुपी घेऊन आल्या तर कैनात आडवी आली. "नको खाला, आवाज गेला तर मोजू कशी? प्रदर्शन झालं की मी स्वतः घालते तेल."

पहिल्या दिवशी मुलं बिनपट्ट्याची बसली आणि दोन दिवसांनी पट्टा बांधून. मी जीव ओतून फिरले. पण वहीत पाहावं तर दोन्ही दिवसांचे आकडे सारखेच. छोट्या हुदाची तर एक फेरी कमीच झाली.

"गेलं तुझं रॉकेट," अरसलान म्हणाला.

कैनात माझ्यावर बसली नाही, माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि रडली. मळमळ थांबवण्याची तिला सापडलेली ही एकच वाट होती. ती खोटी निघाली असेल तर अंतराळ राहू द्या, उरणसुद्धा तिच्यापासून लांबच राहणार होतं. मला फार वाईट वाटलं. पण मी बोलणार कशी?

बोलल्या त्या मालतीबाई. जुई गावच्या. बांधकामात शेती गेली, गुडघेदुखी राहिली. ती घेऊन त्या दर बुधवारी सुया टोचून घ्यायला यायच्या. कैनात खालाला वही वाचून दाखवत होती, ते त्या पाय पसरून ऐकत होत्या.

"ही तीन बोटा कुनाची घेतलीस ग?" त्यांनी विचारलं.

"माझी. सगळ्यांना सारखं पाहिजे ना?"

"अगो, तुजा हात केवरा, त्या अरसलानचा केवरा! बांगऱ्या भरताना तुज्या मापाच्या मना चालतील काय?"

रशिदाबाई हातातली सुई खाली ठेवून वळल्या. त्यांनी 'तीन बोटं' म्हटलं होतं ते ज्याचं मनगट त्याची बोटं, आणि ते सांगायचं राहून गेलं होतं. कैनातने नऊही मनगटांवर स्वतःची बारीक बोटं ठेवली होती. अरसलानचं बटण बिंदूच्या अलीकडे बसलं होतं आणि हुदाचं पलीकडे.

मग नऊही पट्टे नव्याने बांधले, ज्याच्या त्याच्या बोटांनी. पुन्हा फेऱ्या झाल्या. पाच मुलं आधीपेक्षा जास्त टिकली, तिघं तेवढीच, आणि अरसलान कमी. तो दोन वडापाव खाऊन आला होता.

प्रदर्शनाला मला टेम्पोत घालून शाळेत नेलं. परीक्षक मधुकर सर फेऱ्यांच्या आकड्यांचा तक्ता बराच वेळ वाचत राहिले.

"पण मुलं तिसऱ्यांदा बसली ना," ते म्हणाले. "सवयीनेही फेऱ्या वाढल्या असतील."

कैनातने ते वहीत लिहून घेतलं. "हो सर. ते मी धरलंच नाही."

"आणि यात तुझं नाव दिसत नाही. तू किती टिकलीस?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. मला माहीत होतं, ती माझ्यावर एकदाही बसली नव्हती. पट्टे शिवायची ती माझ्या शेजारी बसूनच, पण सीटला तिचा स्पर्श नव्हता. कैनातने मनगटावर आपली तीन बोटं ठेवली, पट्टा बांधला, डोळे मिटले आणि बसली. किती हलकी होती पोर! अरसलानने पहिल्यांदाच काही न बोलता मला हळू फिरवलं. एक किर्र, दोन, तीन. माझे सगळे स्क्रू धडधडत होते. सातव्या किर्रला तिने हात वर केला, उतरली आणि बादलीकडे धावली. मुलं हसली. ती तोंड पुसून परत आली आणि तक्त्याखाली तिने लिहिलं: कैनात, सात.

"म्हणजे उपयोग झाला की नाही?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही सर. आधी किती टिकले असते, ते मोजायची माझी हिंमतच नव्हती. आता मोजीन. यष्टीला फेऱ्या नसतात, पण फाटे असतात."

बक्षीस दुसऱ्याला मिळालं. मला वाटलं, आता पुन्हा टॉवेल. पण त्या शनिवारी कैनात पट्टा बांधून उरणला निघाली. सोमवारी आली ती दप्तर न काढताच सांगू लागली, "खाला, नेहमी गव्हाण फाट्याला पिशवी काढते, या वेळी पार पुढे जासईला." पुढच्या शनिवारी त्याच्याही पुढे, करळ फाटा. बटणाने, श्वासाने, की नुसत्या हिंमतीने, ते तिला अजून कळलेलं नाही. ती शोधते आहे, आणि आता दर शनिवारी घरी जाते आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी खुर्ची टॉवेलांखाली दबलेली असेल. टाकून देण्याआधी तिला एकदा फिरवून बघा, तिचं ऐका. आणि कुणाचं दुखणं मोजायला बसलात, तर बोटं त्याचीच घ्या.

कालच्या सोमवारी कैनात आली आणि तिने ती प्लास्टिकची पिशवी माझ्या सीटवर ठेवली. मी घाबरलेच. पण पिशवी कोरडी होती. उरण येईपर्यंत ती उघडावीच लागली नव्हती. येताना मात्र तिने त्यात अम्मीच्या शिलाई मशीनची तेलाची कुपी घालून आणली होती, माझ्यासाठी.