कोरा रकाना

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कॉलेजच्या कारकून विनोदिनीबाईंनी पार्से गावात एका घरी फोन लावला. साखळीच्या कॉलेजला श्रेणी देणारी नॅकची समिती गुरुवारी येणार होती. शिक्षण मधेच सोडलेली मुले सध्या काय करतात, एवढा एकच रकाना भरायचा राहिला होता. अकरा जणांचे लिहून झाले होते. बारावी राहिली होती ती गौरवी, आणि फोन तिलाच होता. खाण बंद पडली, वडिलांचा खनिज वाहणारा ट्रक कामाविना दारात उभा राहिला आणि तिने शेवटच्या वर्षी कॉलेज सोडले.

"कॉलेजच्या ऑफिसातून बोलतंय गो."

पलीकडून गौरवीने घाईघाईने विचारले, "बाय, माका परत बोलवल्यात? माझा नाव आसा अजून?"

बाईंना फक्त माहिती हवी होती. तोंडावर आलेले 'नाही' त्यांनी गिळले. नाव तर समोरच्या यादीतच होते.

"आसा गो. थांब, नियम बघतंय."

परत प्रवेश घ्यायची मुदत संपून वर्ष झाले होते. आता विद्यापीठाची खास परवानगी लागणार होती. बाईंनी दुपारीच अर्ज टाइप करून प्राचार्यांपुढे ठेवला.

"बाई, हे आत्ता? समिती जाऊ द्या."

"सर, समिती हेच विचारतली. पोरांसाठी काय केलात म्हणून."

प्राचार्य हसले आणि त्यांनी सही केली.

गुरुवारी समितीची गाडी फाटकातून आत आली. मागोमाग, बाईंनी बोलावल्याप्रमाणे, बसमधून गौरवी उतरली, जुनी गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन. बाईंनी तिला आपल्या शेजारी खुर्ची दिली. तिच्या नावापुढचा रकाना त्यांनी कोराच ठेवला होता. दुपारपर्यंत विद्यापीठाचे उत्तर आले नव्हते.