सातवा तुंबा

आजीचा फोन मधेच कापणारी नात मनकर्णाबाईंनी साऱ्या बाळापुरात पाहिली नव्हती. तीही एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा "आजी, सामान बांधून राहिली, मंग बोलतो" एवढं तरी म्हणाली. दुसऱ्यांदा तेवढंही नाही, नुसतं कट्टकन.

"हे शिकवलं तुमी पोरीले," मनकर्णाबाई सुनेवर घसरल्या. "विमानात बसली आन् आजी जड झाली."

साधना पाट्यावर खसखस-खोबरं वाटत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्याबाई, ती जायच्या पहिले आठ दिवसांत चारदा तुमी तिले म्हणलं का जाऊ नको. कधी सपनात साप, कधी डोळा फडफडला. आता पाचव्यांदा काय नवीन आयकणार हाय ते?"

बोलणं खरं होतं, म्हणूनच झोंबलं. ते चारही बहाणे खोटे होते. पोरगी परदेशी एवढ्या लांब जाते, तिकडे काय खाते, कुठे निजते, या काळजीपोटी म्हाताऱ्या माणसानं रचलेले. आज मात्र कारण खरं होतं, आणि नेमकं तेच तोंडातून निघत नव्हतं.

सकाळी शेजारचा नितेश ताक न्यायला आला. आखातात सहा वर्षं क्रेन चालवून आलेला माणूस, तिकडच्या गोष्टी सांगितल्याशिवाय त्याला ताक पचत नाही. पाट्यावरची खसखस पाहून तो हसला. "काकू, ही चीज घेऊन तिकडं उतरशान तं सीधं जेलात. अफूचं बी हाय ते. तिकडच्या कायद्यात अफूच."

"चल भैताड," मनकर्णाबाई म्हणाल्या. "अनारशाले लावतो ते मी."

"आईशप्पथ, काकू. आमच्या खोलीतल्या एकाले त्याच्या मायनं मसाल्याचा डबा देल्ला होता. चार दाणे निघाले त्याच्यात. घेऊन गेले त्याले. आमी पुना त्याले पाहिलंच नाही."

नितेश ताकाची बरणी घेऊन निघून गेला. मनकर्णाबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली.

त्यांच्या नातीचा, भावनाचा, जो गाण्याबजावण्याचा गट होता, त्यात गाणं नव्हतं आणि बजावणंही मनकर्णाबाईंच्या समजुतीतलं नव्हतं. अमरावतीत राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या खोलीत पाच जणं जमायची. यशोधन म्हणून एका वकिलाचा पोरगा त्यांचा म्होरक्या. त्यानं वकिली सोडून सूप वाजवायला घेतलं होतं. खरोखरीचं सूप, पाखडायचं. दुसरा घमेल्यावर वाळू घासायचा. भावनाकडे सात तुंबे. कडू भोपळे वाळवून पोकळ केलेले, प्रत्येकात वेगळं बी. एकात ज्वारी, एकात तूर, मग मूग, अंबाडी, तीळ, मोहरी, आणि सातव्यात सगळ्यांत बारीक राजगिरा. अकोल्याला कार्यक्रम झाला तेव्हा मनकर्णाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "साऱ्या वऱ्हाडाचं धान्य पाखडलं, पन एक भाकर काही झाली नाही." तरी रात्रभर तो सरसर आवाज त्यांच्या कानात होता, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

त्याच कार्यक्रमाला आता बाहेरून बोलावणं आलं होतं. जर्मनीत दोन ठिकाणी, मग परतीच्या वाटेवर आखातातल्या एका शहरात. जर्मनीतले कार्यक्रम झाले होते, आज तिकडून आखाताकडे निघायचं होतं.

तुंबे भरून दिले ते मनकर्णाबाईंनीच. त्यांच्या घरात पेरणीचं बी तुंब्यातच राहायचं. घरातली मोठी बाई शेण-राखेनं त्याचं तोंड बंद करायची, वरून अंगठ्याचा ठसा दाबायची, आणि पेरणीच्या सकाळपर्यंत तो अंगठा कोणी मोडायचा नाही. साधनानं नवी नवरी असताना बी किडलं की काय पाहायला एक तुंबा फोडला होता, तर मनकर्णाबाईंनी तिला वर्षभर बियाण्याला हात लावू दिला नव्हता. भावनाचे तुंबे विमानातून जायचे म्हणून शेण-राखेऐवजी लाख लावली. अंगठा मात्र सातही तुंब्यांवर उठवला.

फक्त सातवा काही केल्या जमत नव्हता. भावना दोनदा अमरावतीहून आली. "आजी, हा जाडा वाजते. मुंगी चालली का जसं वाटलं पाहिजे." राजगिरा घरचा होता. त्याच्याएवढं बारीक बी साऱ्या तालुक्यात नाही, असं मनकर्णाबाई चारचौघांत बोलून बसल्या होत्या. मग घरात कोणी नसताना त्यांनी राजगिरा ओतून टाकला, अनारशाच्या डब्यातली खसखस भरली, लाख लावली, अंगठा दाबला. भावनानं तुंबा कानाशी हलवला आणि तिचे डोळेच मिटले. "राजगिराच हाय ना, आजी?"

"मंग काय सोनं भरतो काय?"

हे सगळं आठवून मनकर्णाबाईंनी तिसऱ्यांदा फोन लावला. या खेपेला भावनानं उचलला.

"सातवा तुंबा फोड."

"काय?"

"फोड म्हणतो ना. फोड आन् फेकून दे."

"काहून पन?"

साधना मागेच होती. वरवंटा थांबला होता. मनकर्णाबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. "मले बरं नाही वाटून राहिलं. आज पहाटं मले सपनात..."

भावना हसली. "आजी, तुहा अंगठा हाय त्याच्यावर. पेरणीबिगर फोडाव नाही, तूच शिकवलं न मले? चाल, बस आली. विमानतळावर जाऊन राहिलो आमी. फोन बंद करतो, चार्जिंग नाही."

पुन्हा कट्ट.

इकडच्या घड्याळानं दुपारी दोनचं विमान होतं. आता साडेअकरा. मनकर्णाबाई कुंपणाशी गेल्या आणि नितेशला हाक मारली. आवाज होईल तेवढा साधा ठेवला. "काय रे, चीज लाखेनं बंद असन, तं बाहेरून समजते काय?"

"मशीन आतलं दाखवते, काकू. आन् कुत्रे असतात. पन कोणाचं काय बंद हाय?"

"कोणाचं काई नाही. विचारून राहिली."

नितेश त्यांच्याकडे पाहत राहिला. त्या वळल्या, पण अंगण संपेना. डोळ्यांपुढे सारखं एकच येत होतं. एक लांब टेबल, त्यावर उघडी पेटी, आणि पलीकडे भावना. कोणी काय विचारतं ते तिला कळत नाही. ती सांगते, राजगिरा हाय, माह्या आजीनं भरला. आणि कोणी तरी लाखेवरचा अंगठा नखानं उचकटतो.

साडेबाराला त्या आत आल्या तेव्हा साधना पुटपुटत होती, "पोचली का पहिले तुलेच फोन करतो म्हणे." आणि लेकीसाठी काढून ठेवलेली चादर घडी घालत होती. ती चादर पाहिली आणि मनकर्णाबाईंच्यानं राहवलं नाही.

"साधना. त्या बारीक तुंब्यात राजगिरा नाही. खसखस हाय. मी भरली."

त्यांना वाटलं होतं, आता सून ओरडेल. इतक्या वर्षांचं एकदम काढेल. काढलं असतं तर बरं झालं असतं. साधनाचा चेहरा नुसता पांढरा पडला. नितेश सकाळी काय बोलला, ते तिनंही ऐकलं होतंच.

"अंगठा लावून?" तिनं विचारलं.

"हो."

चादर तशीच टाकून साधनानं फोन घेतला. भावनाचा बंद. पुन्हा लावला, बंद. मग यशोधनचा नंबर काढला. वाजू लागला तसा तिनं फोन सासूपुढे धरला. "तुमीच सांगा. मी सांगतलं तं भावना म्हनन, आजीनंच मायले पढवलं."

फोनवर आधी नुसता गलका आला, मग यशोधनचा आवाज. "नमस्कार आजी! आम्ही सामानाच्या रांगेत आहोत. आमचाच नंबर आला, भावना पेटी वर ठेवतेय. पोचल्यावर बोलू का?"

"पेटी नको ठेवू देऊ! थांबव तिले!"

"आजी, ती म्हणालीच होती तुमचा फोन येईल म्हणून. तुम्ही अजिबात काळजी..."

"आयक रे पोरा!" मनकर्णाबाईंचा आवाज फाटला. "सातव्या तुंब्यात खसखस हाय. राजगिरा नाही. मी खोटं बोलली. तिले माईत नाही, तिचा काई दोष नाही. उतरल्यावर धरतीन तिले. फोड तो तुंबा. माहा अंगठा फोड."

यशोधन वकिलाच्या घरचा पोरगा, त्याला दोनदा सांगावं लागलं नाही. "बाप रे," एवढंच तो म्हणाला. मग "भावना, थांब! खाली घे ती!" असं लांबून ऐकू आलं आणि फोन बंद पडला.

त्यानंतर कोणाचाच फोन लागला नाही.

दोन वाजून गेले. विमान निघालं असेल. भावना त्यात होती की नव्हती, पेटी खाली घेतली की पट्ट्यावरून पुढे गेली, काही कळायला मार्ग नव्हता. भावनाचा बाप जीवन मोर्शीला संत्र्याच्या सौद्याला गेला होता. त्याला कळवायचं दोघींनी टाळलं. गॅसवर रस्सा कोणी चढवलाच नाही. वाटण पाट्यावर सुकून गेलं.

चारच्या सुमाराला नितेश आला. साधनानं त्याला सगळं सांगितलं. तो ओट्यावर बसला आणि आज पहिल्यांदा त्याला काही मजेशीर सुचलं नाही. म्हणाला, "पन फोडतानी त्याच पेटीत सांडलं असन, कपड्याले दोन-चार दाणे..." आणि मधेच थांबला. मनकर्णाबाईंनी त्याला रागावलं नाही. त्यांनी आपला पदर उलटा केला आणि त्याचा काठ बोटांनी चाचपत राहिल्या, जणू दाणे तिथंच अडकले होते.

साधना त्यांच्या शेजारी बसली होती, हातभर अंतर ठेवून. ते अंतर मनकर्णाबाईंना दिसत होतं. जवळ सरक म्हणायचं तोंड आज त्यांना नव्हतं.

रात्री नऊच्या सुमाराला फोन वाजला. साधनानं तो उचलून आवाज मोठा केला.

"बाहेर आलो, आई. सगळे."

साधनानं तोंडात पदर कोंबला. मनकर्णाबाई फोनाशी वाकल्या.

भावना धापा टाकत सांगत होती. रांगेतून मागे फिरून तिनं तुंबा तिकडच्याच कचऱ्याच्या डब्यावर धरून फोडला. आतल्या वाळलेल्या गराला दाणे चिकटून बसलेले दिसले, तसा टवकान् टवका टाकून दिला. पेटीतलं अस्तर फाडून टाकलं, अंगावरची ओढणी टाकली, कोपरापर्यंत हात धुतले. आणि उतरल्यावर खरोखरच तिची पेटी बाजूला काढली. "सहाही तुंबे हलवून पाहिले, आजी. एका माणसानं मोहरीचा तुंबा कानाशी धरला आन् माह्याकडे पाहत राहिला. किती वेळ ते माईत नाही. माहे पायच नोते मले."

"मंग?"

"मंग जा म्हणला."

मग भावनाचा आवाज एकदम बारीक झाला. "आजी, एक सांगू? मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. राजगिरा तसा वाजतच नाही. तू दुसरं काई तरी भरलं, एवढं मले कळलं होतं. पन इतका गोड वाजे का मी पुन्हा विचारलंच नाही. विचारलं असतं तं तू तो बदलून टाकला असता."

साधनानं सासूकडे पाहिलं. मनकर्णाबाईंनी फोन तिच्या हातातून घेतला आणि पाठ ताठ केली. आवाज अजून कापत होता, तो तसाच कापू दिला.

"आयक, भावना. मी खोटी निघाली आन् तू लोभी निघाली. तुही माय मले काय बोलाचं ते बोलन, मी आयकून घेईन. पन दोघींत तुहा गुन्हा मोठा. खसखसीपायी धरतात हे मले माईत नोतं, पोरी. तुले आयकू येत होतं."